कपाट हळूहळू बदलताना : नाशिककरांशी बोलायचंय

गोदाकाठची

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी ट्रान्स स्त्री आहे, वय तिशीच्या आतलं. सिडकोत आई-बाबा आणि धाकट्या भावाबरोबर राहते, कॉलेज रोडवर एका ऑफिसात अकाउंट्स बघते. एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली हार्मोन्स सुरू होऊन थोडे महिने झालेत. आईला आणि भावाला माहीत आहे. बाबांशी नीट बोलणं व्हायचंय. ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही.

मला बोलायचंय ते कपड्यांबद्दल. एका सोमवारी शर्ट-पँट आणि पुढच्या सोमवारी साडी, असं मला करायचं नाही. यात भीतीचा भाग असेलही, पण मोठा भाग असा की शरीर हळूहळू बदलतंय आणि कपडे त्याच्या चालीने बदलावेत असं मनापासून वाटतं. आज जे अंगावर चढवेन त्यात आज मला माझ्यासारखं वाटलं पाहिजे. एक वर्षानंतरच्या कुणासारखं तरी नको.

आतापर्यंत जे बदललं ते असं. कडक कॉलरचे शर्ट कमी करत आणले, त्यांच्या जागी मेन रोडवरून घेतलेले सुती कुर्ते आले. जीन्स बायकांच्या विभागातल्या घेते. कमरेला पट्टा न लावता बसतात, आणि खरं सांगायचं तर फरक मला सोडून कुणाला कळत नाही. झोपताना मऊ होजिअरीचा नाइट सूट. गेल्या नवरात्रात ऑफिसात सगळ्यांनी रोजचे रंग पाळले, पुरुषांनीसुद्धा. जांभळ्या रंगाच्या दिवशी मी घातलेला कुर्ता बायकांचा होता. पाऊण बाही, गळ्याभोवती त्याच रंगाच्या दोऱ्याचा बारीक कशिदा. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, रंग शोभतोय तुला. तो अख्खा दिवस मी सरळ बसून काम केलं. एरवी मी खांदे आत ओढून बसते.

अडतंय ते इथे. कुर्ती छातीत बसते, पण खांद्यात ओढते. चपला मापाच्या मिळत नाहीत. आतले कपडे कुठे वाळत घालू हा रोजचा प्रश्न आहे, कारण आमची गॅलरी समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीला जवळजवळ टेकलेली. आणि शिवून घ्यायचं तर कुठल्या टेलरसमोर उभी राहू?

एक विनंती. ‘अजून विचार कर’ असं सांगायला कृपया येऊ नका. विचार करून झालाय.

सातपूरवाली

ये गं. धागा काढलास ते फार बरं केलंस. मी चाळिशी ओलांडलेली, या वाटेवरून आधी गेलेली.

पहिली गोष्ट, पैसे राखून ठेव. हार्मोन्स सुरू झाल्यावर छातीत गाठीसारखं लागणं, हुळहुळणं साधारण ३ ते ६ महिन्यांत सुरू होतं. मांड्या-नितंबांवर चरबी बसायला लागते तीही त्याच सुमारास, पण ते पूर्ण व्हायला २ ते ५ वर्षं जातात. म्हणजे पहिल्या वर्षात मापाला घट्ट शिवलेलं काहीही पुढच्या वर्षी चुकीच्या जागी ढिलं आणि चुकीच्या जागी आवळ होणार. महागाचे अनारकली, ब्लाउज, पैठणी सगळं थांबू दे. येवला कुठे पळून जात नाही.

आत्ता खर्च करायचा तो अंगाला लागून असणाऱ्या कपड्यांवर. हुळहुळत असताना शर्टाची शिवण नुसती घासली तरी जीव जातो. सुती स्लिप घे, नाहीतर बिनतारेची, बिनशिवणीची साधी ब्रा. माप घरीच घेता येतं. छातीखाली टेप आडवी, घट्ट पण श्वास घेता येईल अशी. तो आकडा म्हणजे पट्टा. मग छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून. दोन्हींतला फरक १ इंच असेल तर ए कप, २ असेल तर बी. आपली बरगडी रुंद असते, त्यामुळे पट्टा मोठा आणि कप लहान असं माप येतं आणि दुकानात ते पटकन मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे पट्टा वाढवायचे जादा हुक. बटणं-लेस विकणाऱ्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात.

दुसरं, तुझ्याकडे गाडी आहे का? असेल तर आपल्या गावातली सगळ्यांत मोठी सोय तुझ्या डोळ्यांसमोर आहे. नाशिकच्या निम्म्या मुली स्कूटरवर कशा जातात बघ. चेहऱ्याभोवती स्कार्फ, अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे. फक्त डोळे दिसतात. मी स्त्री म्हणून रस्त्यावर पहिल्यांदा निघाले ती अशी, वर हेल्मेट घालून. सातपूरहून गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत आणि परत. सिग्नलला बाजूच्या गाडीवरच्या बाईने विचारलं, ‘ताई, स्टँड काढा, खाली आहे.’ मी मान हलवली, स्टँड वर केला आणि पुढे निघाले. त्या ‘ताई’वर माझा पुढचा महिना निघाला.

अंबडचा

बाकीच्यांसाठी : मी उलट्या दिशेचा. ट्रान्स पुरुष, एमआयडीसीत कामाला.

आमच्याकडे युनिफॉर्म सगळ्यांना एकच, करडा शर्ट आणि पँट. त्यामुळे आठ तास मला कपड्यांचा विचारच करावा लागत नाही. प्रश्न असतो सुट्टीच्या दिवशी आणि लग्नकार्यात. मामेबहिणीच्या लग्नात आईला मी साडी नेसायला हवा होतो. रडारड झाली. शेवटी कुर्ता आणि त्यावर जॅकेट यावर जमलं, रंग मात्र आईने निवडायचा. तिने मोरपिशी निवडला. फोटोत आम्ही दोघं शेजारी उभे आहोत, तो फोटो तिने स्वतःहून फ्रेम केलाय.

माझ्यासारखं कुणी वाचत असेल तर बाइंडरबद्दल, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आत घालायच्या घट्ट बनियनबद्दल, लिहून ठेवतो. दिवसाला ८ तासांच्या वर नको. झोपताना नको, व्यायाम करताना नको. आणि क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी कधीही गुंडाळू नका. बँडेज श्वासाबरोबर सैल होत नाही, उलट आवळत जातं, बरगड्यांना इजा होते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला जातो तेव्हा बाइंडरखाली पुरळ उठतं. मी उन्हाळ्यात तो बाजूलाच ठेवतो. स्पोर्ट्स ब्रा, वर सुती बनियन, वर गडद रंगाचा सैल शर्ट, छातीवर दोन्ही बाजूंना फ्लॅपचे खिसे. खिशांमुळे उठाव दिसत नाही. पुरुषांचा शर्ट आपल्याला नितंबांवर अडतो, म्हणून एक माप मोठं घेऊन लांबी कमी करायची आणि खालची कड गोल न ठेवता सरळ करून घ्यायची. इन करायचा नाही. बस.

शिवणकाकू

मी इंदिरानगरला घरी शिवणकाम करते, बरीच वर्षं झाली. या विषयावर मला अनुभव कमी, पण खांद्याचं विचारलंस म्हणून लिहिते.

तयार कुर्तीत एल म्हणजे छाती ४० इंच धरतात आणि त्या मापाला खांदा साधारण १५ च्या आसपास ठेवतात. तुझा खांदा १७ च्या पुढे असणार. छातीचं माप बघून घेतलीस तर मुंढ्यात ओढणारच. खांद्याचं बघून घेतलीस तर खाली तंबू होतो. म्हणून तयार घेताना रॅग्लन बाहीची घे, म्हणजे जिची बाही गळ्यापासूनच तिरकी निघते ती. तिला खांद्याची शिवणच नसते, त्यामुळे खांदा कुठे संपतो हे दिसत नाही. नाहीतर ड्रॉप शोल्डर, म्हणजे खांद्याची शिवण खाली दंडावर उतरलेली. गळा व्ही किंवा खोल गोल. बंद गळा आणि बोट नेक टाळ, त्याने खांदे आणखी रुंद दिसतात. बाहीच्या मुंढ्यावर चुण्या असतील तर तीही नको.

घेर खाली हवा. ए-लाइन, कळ्यांची, नाहीतर कमरेला चुण्या घेतलेली. खाली पटियाला किंवा चुण्यांची सलवार घातलीस तर कमरेखाली भरलेपण आपोआप येतं. लेगिंगची घाई करू नको. कापड लोळणारं घे, मलमल, रेयॉन, मऊ सुती. खळ असलेलं कापड अंगापासून लांब उभं राहतं.

टक्स, म्हणजे छातीला उठाव द्यायला घेतात त्या चिमट्या, आत्ता घालायचे नाहीत. प्रिन्सेस कट तर नाहीच. छाती साधी सरळ ठेवायची आणि बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडायची. वर्षभराने उसवून, टक्स घालून तोच ड्रेस पुन्हा बसवता येतो. माझ्याकडे बाळंतिणींचे ड्रेस असेच शिवते.

आणि टेलरसमोर उभं राहण्याची भीती वाटत असेल तर मापाचा कपडा घेऊन जा. अंगाला बरा बसणारा एक कुर्ता द्यायचा, त्यावरून माप घेतात. अंगावर टेप लावायची गरजच पडत नाही. तुला माझ्याकडे यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, दुपारी तीननंतर घरात मी एकटीच असते.

गोदाकाठची

काकू, व्यनि केलाय. हे वाचताना डोळ्यांत पाणी आलं. बाळंतिणींसारखंच माझंही एक शरीर बदलतंय आणि त्यासाठी शिवणीत जागा सोडता येते, एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं.

सातपूरवाली ताई, गाडी आहे. सनकोट आईचा आहे.

रोखठोक

वेगळं मत मांडते, राग मानू नये. मीही ट्रान्स स्त्री आहे, मुंबईत असते, माहेर पंचवटी.

‘हळूहळू’ हा शब्द ऐकायला बरा वाटतो, पण त्याची किंमत कुणी बोलत नाही. दोन कपाटं पोसावी लागतात. सकाळी एक माणूस, संध्याकाळी दुसरं. घराबाहेर पडताना रोज हिशोब : आज कोण भेटेल, किती दिसेल, किती लपेल. मी दोन वर्षं तेच केलं आणि त्या हिशोबाने मी इतकी दमले की आनंद व्हायला ताकद उरली नाही. शेवटी एक तारीख ठरवली, ऑफिसला मेल केला, आणि त्या दिवसापासून एकच कपाट. तारीख नसेल तर ‘हळूहळू’चं ‘कधीच नाही’ होतं. गोदाकाठची, तू तारीख ठरव. लांबची ठरव, पण ठरव.

सातपूरवाली

रोखठोक, तुझं दमणं मला माहीत आहे, ते खोटं नाही. पण मुंबईत तू लोकलमधून उतरलीस की तुला ओळखणारं कुणी नसतं. इथे सिडकोतून निघून कॉलेज रोडला पोचेपर्यंत शाळेतला मित्र, बाबांचे मित्र आणि दूधवाला भेटतो. तारीख घरातल्यांच्या तयारीवरही ठरते. हिचं बाबांशी बोलणं व्हायचंय, हे विसरू नको.

रोखठोक

विसरले नाही. माझे बाबा तारीख ठरवल्यावरच बोलले, त्याआधी सगळे ‘होईल बरं’ म्हणत होते. एवढंच सांगायचं होतं.

कलम_एकोणीस

विधी शाखेची विद्यार्थिनी. ऑफिसचा विषय निघाला म्हणून.

१५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल, म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा, सर्वोच्च न्यायालय, न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री. त्यात स्पष्ट म्हटलंय की आपली लिंगओळख पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हे राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं. पोशाखातून हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवा. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यातही नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे. त्यामुळे ऑफिसात सांगायची वेळ येईल तेव्हा ते तोंडी न सांगता एचआरला मेलवर सांगा. कुठल्या तारखेपासून, कुठल्या पोशाखात, कुठल्या नावाने, आणि स्वच्छतागृह कुठलं वापरणार. उत्तरही मेलवर मागा. भांडायची वेळ येऊ नये, पण आली तर कागद हाताशी असतो.

नाशिकरोडची आई

माझी मुलगी ट्रान्स आहे. मी इथे फार लिहीत नाही, पण दोरीचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

बाळा, ही अडचण एकट्या तुझी नाही. आमच्या पिढीतल्या प्रत्येक बाईने आतले कपडे टॉवेलखाली नाहीतर परकराखालीच वाळत घातलेत. सासरी नवीन असताना मी गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात एक बुटकी दोरी बांधली होती, वर मोठी चादर. वारा आणि ऊन दोन्ही लागतं, दिसत काही नाही. फक्त पावसाळ्यात बाथरूममध्ये ओलंच ठेवू नकोस, दमट कपड्याने अंगाला खाज सुटते. पंख्याखाली वाळव, वरून इस्त्री फिरव. आणि तुझ्या आईला माहीत आहे म्हणतेस, तर तिला सांग की माझे कपडे तुझ्या कपड्यांत मिसळून टाक. घरातल्या बाईच्या कपड्यांत दोन जास्त आहेत हे समोरच्या बिल्डिंगला मोजता येत नाही.

माझ्या मुलीने सुरुवात केली तेव्हा मला वाटायचं, हिने बाहेर काहीही घालावं, घरात मात्र नको. आता ती घरात गाऊनवर फिरते आणि मी तिच्यासाठी ओढण्यांना पिको करून आणते. मधे काय झालं ते सांगत बसत नाही, पण कपड्यांनी मदत केली. भाषण तिने कधी दिलं नाही. एकदा नुसती माझी जुनी सुती साडी मागितली, ड्रेस शिवायला. ‘तुझी एखादी दे ना’ म्हणाली. जी मुलगी आईची साडी मागते तिला आई काय म्हणणार?

अंबडचा

काकू, नमस्कार करतो तुम्हाला.

बोहरपट्टी

थोडक्यात, बाजाराचं. चपला : बायकांच्या चपला बहुतेक दुकानांत ४१ पर्यंतच असतात. पुढचं माप हवं तर कोल्हापुरी घ्या, ती पुरुष-बायका दोघंही घालतात आणि बारीक वेणीची, नाजूक पट्ट्याची पुरुषांच्या मापातही शोधली तर सापडते. शालीमारला फिरा, घासाघीस करा.

कान : लहानपणी सोनाराकडे टोचलेले असतील तर भोक पूर्ण बुजलेलं नसतं बऱ्याचदा. जबरदस्तीने घरी घुसवू नका, सराफ बाजारात दाखवा. ढोल पथकातली निम्मी पोरं भिकबाळी घालून फिरतात, त्यामुळे कानात बारीक काही दिसलं तर नाशिकमध्ये भुवई उंचावत नाही.

ट्रायल रूम : ऑनलाइन मागवा, घरी घालून बघा, नाही बसलं तर परत. माप कळलं की मग दुकानात जायचं.

थंडी : डिसेंबर-जानेवारी हा आपला हक्काचा ऋतू. स्वेटर, श्रग, शाल, स्टोल, सगळं एकावर एक. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटात बायकांचं कार्डिगन कुणासाठी घेताय असं कुणी विचारत नाही.

गोदाकाठची

सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

दोरी बांधली. बुटकी, आतल्या बाजूला, वर चादर. आईनेच खिळा ठोकला. भाऊ टेबल धरून उभा होता.

शिवणकाकूंकडे जाऊन आले. मी मापाचा कुर्ता नेला होता, पण काकूंनी विचारलं, ‘टेप लावू का, चालेल?’ आणि मी हो म्हणाले. त्यांनी मागून खांदा मोजला, मग बाही, मग छाती, आणि प्रत्येक आकडा वहीत लिहिताना वर माझं नाव लिहिलं. मी निवडलेलं. व्यनित सांगितलं होतं, त्यांनी लक्षात ठेवलं. आजवर ते नाव मी सोडून कुणाच्या हाताने लिहिलं गेलं नव्हतं.

रोखठोक ताई, तुमच्या म्हणण्यावर दोन रात्री विचार केला. तारीख ठरवली आहे, इथे लिहीत नाही. पण ती ऑफिसची तारीख आहे. घराची वेगळी, आणि ती आधी येते. बाबांशी बोलताना मी काय घालणार हेही ठरवलंय. रोजचाच, नवरात्रातला जांभळा कुर्ता. त्यांनी तो पाहिलेला आहे, त्यात मला पाहिलेलं आहे. नवं काही घालून त्यांच्यापुढे गेले तर ते कपड्यांकडे बघतील. मला हवंय की त्यांनी माझं ऐकावं.

शेवटचं विचारते, शिवणकाकू. नाशिकरोडच्या काकूंचं वाचून मीही आईकडे साडी मागितली. तिने निळी इरकल काढून दिली, बरीच जुनी आहे. नव्या कापडासारखी आधी भिजवून आणायची का? आणि तिचं काय काय निघेल?

शिवणकाकू

भिजवायची गरज नाही, इतक्या धुण्यांत आटायची तेवढी आटलेली असते. पण उजेडात धरून बघ. निऱ्यांच्या जागी आणि टाचेशी घासणाऱ्या कडेला जुनी साडी विरलेली असते. विरलेलं कापड बाहीला आणि बाजूच्या शिवणीला मी वापरणार नाही, आपल्याला पुढे उसवायचंय. चांगल्या भागातून तुझ्या उंचीचा कळ्यांचा कुर्ता निघेल. काठ खालच्या घेराला लावू, थोडा बाह्यांना. पदर कापायचा नाही, त्याची ओढणी होईल. आत मलमलचं अस्तर लागेल, ते अडीच मीटर आण, आणि ते मात्र रात्रभर भिजवून, वाळवून आण. गुरुवारी ये, बुधवारी मी बाजारात असते.